एक बाजू राहिली

१

दर रविवारी सकाळी सहाला बांगखेच्या बाजारासमोरून कोपची बस सुटायची. एका दिवसात नऊ देवळं, दुपारचं जेवण, आणि परतताना रोटी व म्हातारीचे केस विकत घ्यायला दहा मिनिटं. नऊ म्हणजे नऊ. आठ केली तर निदान आठांचं पुण्य पदरात पडेल असं तुम्हाला वाटेल, पण बसमधल्या मावश्यांचा हिशेब तसा नव्हता. आठ केली तर सगळंच पाण्यात. गेल्या वर्षी एकदा पुलावर बस अडकली आणि नववं देऊळ हुकलं, तर एका मावशीनं आपल्या जावयाची नोकरी गेली त्याचं खापर कोपच्या डोक्यावर फोडलं होतं.

थाई भाषेत कोप म्हणजे बेडूक. भुताखेतांची नजर पोरावर पडू नये म्हणून आईबापांनी लहानपणी ठेवलेलं नाव. अठ्ठावन्नाव्या वर्षीही तेच चाललं होतं, आणि पोट सुटल्यापासून शोभतही होतं. आवाज काढण्यात गडी पटाईत. मंत्र्याचा काढायचा, विहारातल्या भिक्खूंचा काढायचा, स्वतःच्या सासूचा तर असा काढायचा की सासू वारली तेव्हा शेजाऱ्यांना आठ दिवस पत्ता लागला नाही. बस चालवायचा तुई, तो कोपपेक्षाही जाड.

त्या रविवारी चालकामागच्या सीटवर कोपची बायको बसली होती. तिचं नाव कुंग, म्हणजे कोळंबी. उकळत्या पाण्यातून आत्ताच काढल्यासारखी कायम लालबुंद. एकतीस वर्षं संसार केला, पण नवऱ्याच्या विनोदाला एकदा हसली असेल तर शपथ. रागानं नव्हे. "तेच तेच ऐकून माणसाला हसू येतं का?" एवढंच तिचं म्हणणं.

एरवी ती सहलीला यायची नाही. पण बारा प्राण्यांच्या पंचांगात ती उंदराच्या वर्षातली, आणि यंदा लागलं होतं घोड्याचं वर्ष. उंदराला घोडा वाईट, हे शेंबडं पोरही सांगेल. त्यात फोटोत छातीत सावलीसारखं काहीतरी दिसतंय म्हणून डॉक्टरनं मंगळवारी परत बोलावलं होतं. हे तिनं एकट्या कोपला सांगितलं होतं. ते कळल्यापासून कोपचे विनोद दुप्पट झाले होते.

"पाचव्या देवळात मी पेटीत झोपणार आहे," ती म्हणाली. "मध्ये तोंड घालायचं नाही."

"झोप की. घरी तरी दुसरं काय करतेस?"

ती हसली नाही. सगळं नेहमीसारखं होतं.

२

पाचवं देऊळ भातखाचरांच्या मधोमध होतं. देवळामागे पत्र्याचा मोठा मंडप, त्यात नऊ गुलाबी शवपेट्या ओळीनं मांडलेल्या. आत सॅटिनचं अस्तर, वर पंखे. साडेसाती मागं लागलेल्यांनी इथं येऊन मरून दाखवायचं. आधी डोकं पश्चिमेला करून झोपायचं, म्हणजे मेलं. वरून पांढरी चादर, भिक्खूंचे मंत्र. मग चादर काढली की उठायचं, उलटं फिरून डोकं पूर्वेला करायचं, म्हणजे जन्मलं. परत चादर, परत मंत्र. उठलात की जुनी पीडा पेटीत राहिली, तुम्ही नवे. वीस मिनिटांचं काम, माणसं ओळीनं बूट काढून उभी.

कुंगला आठवी पेटी मिळाली. सातवीत लमाई मावशी झोपली. ही लमाई बाजारात सुके बोंबील विकायची, आणि तिची जीभ बोंबलांपेक्षा खारट.

चादरी पडल्या. म्हातारे भिक्खू ध्वनिक्षेपकातून मंत्र म्हणू लागले. कोप खांबाला टेकून घड्याळ बघत होता, आणि मग घड्याळ सोडून चादरी बघायला लागला. आठ चादरी श्वासाबरोबर हलत होत्या. लमाईची तर समुद्रासारखी. आठव्या पेटीवरची काही हलेना. पंख्याचा वारा उलटा लागत असेल, त्यानं स्वतःला सांगितलं. तरी हलेना.

भिक्खू पाणी प्यायला थांबले, आणि कोपला राहवलं नाही. तोंडासमोर हात धरून त्यानं हुबेहूब त्यांचा आवाज काढला, "आठव्या पेटीतल्या बाई, तुमचं झालं. उठा. घरी जा."

कुंग चादरीखालून बाहेर आली. पाय टेकून, पेटीच्या कडेला धरून, सरळ चपलांकडे चालत गेली. मंडपातले लोक खो खो हसले. भिक्खूंना कमी ऐकू यायचं, ते पुढचा मंत्र म्हणू लागले.

चादरी सावरणारी साध्वी, पांढऱ्या वस्त्रातली, डोकं तासलेली, लगबगीनं आली. "अहो, हे काय? हिची एक बाजू राहिली!"

"राहू द्या हो," कोप म्हणाला. "मासा एका बाजूनं भाजला तरी खाता येतो. दुसरी बाजू पुढच्या वर्षी."

सातव्या पेटीतून चादरीआडून आवाज आला, "मेलेल्या माणसांना हसवू नकोस रे, बेडका!"

आता कुंग चप्पल फेकून मारणार म्हणून कोपनं मान आत घेतली. कुंगनं त्याच्याकडे बघितलं आणि ती हसली. मोकळी, दात दाखवून, डोळ्यांत पाणी येईस्तोवर.

साध्वीनं आठव्या पेटीवरची चादर काढायला हात लावला, आणि का कोण जाणे, परत घेतला. हे कोपनं पाहिलं. पण अकरा वाजून गेले होते आणि चार देवळं राहिली होती.

३

जेवायला होडीवरचे नूडल्स. वाटी एवढीशी, माणूस दहा दहा वाट्या रिचवतो. कोपनं टेबलाशी उभं राहून सासूचा आवाज काढला आणि कुंग हसली. मीठ मागितलं, कुंग हसली.

"तुझ्या बायकोला पेटीत कुणी गुदगुल्या केल्या का रे?" तुई म्हणाला.

"तिला आता कळलं, नवरा काय चीज आहे ते," कोप म्हणाला. खरं सांगायचं तर त्याला गोड वाटत होतं. ज्याच्या मानेवरचं अरिष्ट उतरलं तो हसणारच, त्यात नवल काय? मंगळवारचं भय गेलं असेल. एक बाजू तर एक बाजू, गुण आला म्हणायचा.

सहाव्या देवळात जुना विटांचा स्तूप आहे. त्याच्या पायथ्याशी चहूकडून हत्ती कोरलेले, कुणाची सोंड गेली, कुणाचे कान गेले. इथं कोपचा ठरलेला विनोद होता. "मोजा बरं. पूर्वी होते चोवीस, आता आहेत तेवीस. चोविसावा कुठे गेला सांगा?" मग जरा थांबायचं, सगळ्यांना माना वळवू द्यायच्या, आणि म्हणायचं, "तो आपली बस चालवतोय."

त्या दिवशी तो "चोविसावा कुठे गेला" इथपर्यंत आला आणि कुंग हसली.

बाकीच्या बायका तिच्याकडे बघायला लागल्या. शेवट तर अजून आलाच नव्हता. कोपनं शेवट सांगितला, मावश्या हसल्या, तुईनं शिवी दिली. कुंग गप्प होती. तिचं हसून झालं होतं.

तिला पाठ आहे, कोपनं स्वतःची समजूत घातली. एकतीस वर्षांत शंभरदा ऐकलंय. पाठ असलेल्याला पुढचं आधी आठवतं.

४

सातवं देऊळ नदीकाठी. घाटावर दहा बातच्या नाण्याला पावाची पिशवी मिळते. पाव टाकला की पाण्याखालून मांगूर उसळतात, माणसाच्या मांडीएवढे, एकमेकांच्या अंगावर चढतात, तोंडं वासतात, आणि असा खळबळाट होतो की बोललेलं ऐकू येत नाही. मावश्यांना हे देऊळ सगळ्यांत लाडकं. देव दोन मिनिटं, मासे वीस मिनिटं.

कोप मागे पायरीवर बसून डोळे मिटून तो आवाज ऐकत होता. एकाएकी आवाज थांबला.

त्यानं डोळे उघडले. कुंग कठड्याशी उभी होती, हातात पाव. ती तुकडे टाकत होती. तुकडे पाण्यावर पडत होते आणि तसेच तरंगत होते. तिच्यासमोर पाणी थाळीसारखं सपाट. मासे गेले नव्हते. पाच-सहा हातांवर अर्धगोल करून, सगळी तोंडं तिच्याकडे करून, पाण्यात नुसते उभे होते.

"पोट भरलं असेल त्यांचं," कोप मोठ्यानं म्हणाला.

लमाईनं चक्कर आली की हुंगायची कापराची नळी काढली, आधी एका नाकपुडीला लावली, मग दुसऱ्या, आणि बराच वेळ तिथंच ठेवली.

कुंगनं पिशवी रिकामी केली, हात झटकले आणि बसकडे निघाली. ती दहा पावलं गेली असेल नसेल, मागे पाणी फुटल्यासारखं उसळलं.

५

आठव्या देवळाकडे जाताना बसमध्ये कुणी गाणं लावायला सांगितलं नाही. लमाई पुढे येऊन कोपच्या शेजारी दांड्याला धरून उभी राहिली. एरवी तिचा आवाज शेवटच्या सीटवर ऐकू जायचा. आता ती पुटपुटली.

"कोप, एक विचारू? रागावू नकोस."

"मावशी, तू आणि परवानगी?"

"तुझ्या बायकोनं दुपारपासून चार वेळा जागा बदलली. बस वळली की ही उठते, पलीकडच्या खिडकीशी जाऊन बसते. आम्ही सगळ्यांनी पडदे ओढलेत, बघ. ऊन आहे. हिनं उघडलाय."

कोपनं मागे बघितलं. सगळी बस एका अंगाला दाटीवाटीनं बसली होती. दुसऱ्या अंगाला, उन्हाच्या बाजूला, एकटी कुंग. पडदा सरकवलेला, तोंडावर ऊन, आणि ती सरळ सूर्याकडे बघत होती. पापणी न हलवता.

"पश्चिम आहे ती," लमाई म्हणाली. "मी डोळे मिटून पडले होते खरी, पण ऐकलं सगळं. तिचं पूर्वेचं झालं नाही."

"मावशी, तिला ऊन आवडतं."

"कोणत्या जन्मापासून? एप्रिलमध्ये ही छत्री घेऊन न्हाणीघरात जाते, असं तूच सांगायचास."

कोपनं ध्वनिक्षेपक उचलला. त्याला एक खात्री करून घ्यायची होती. कधी न सांगितलेला, आत्ता या क्षणी डोक्यात जुळवलेला विनोद सांगायचा. लमाईच्या बोंबलांवर. अजून त्याचा शेवट त्यालाच नीट सुचला नव्हता. बटण दाबलं, श्वास घेतला, तोंड उघडलं.

एक शब्द फुटायच्या आत मागून कुंग हसली.

कोपनं ध्वनिक्षेपक खाली ठेवला. तो नीट खोबणीत बसला नाही आणि तसाच लोंबत राहिला.

आठव्या देवळाच्या दारात बस थांबली तेव्हा सगळ्या उतरल्या, नावापुरता नमस्कार करून पाच मिनिटांत परत आल्या. सव्वातीन झाले होते. पेट्यांचा शेवटचा फेरा चारचा, हे कोपला पाठ होतं, तो दर रविवारी तेच ओरडून सांगायचा. नववं देऊळ पुढे दहा मिनिटांवर. पाचवं मागे चाळीस मिनिटांवर.

"तुई, बस वळव," कोप म्हणाला. मग मागे वळून त्यानं हात जोडले. विनोदाचा आवाज नाही, कुणाची नक्कल नाही. त्याचा स्वतःचा आवाज असा बारीक असेल हे कुणाला माहीत नव्हतं. "मावश्यांनो, नववं होणार नाही. मला मागे जायचंय. ज्यांना शिव्या द्यायच्यात त्यांनी द्या."

लमाईनं सगळ्यांकडे एकेक करून बघितलं. कुणी शिवी दिली नाही. शेवटच्या सीटवरून एक म्हातारी म्हणाली, "अरे, मग उभा काय राहिलास? हाक की!"

उन्हाच्या बाजूनं कुंगनं विचारलं, "मागे कशाला? मला तर इतकं बरं वाटतंय."

एकतीस वर्षांत तिला बरं वाटतंय असं ती कधी म्हणाली नव्हती.

६

मंडपात गर्दी ओसरली होती. चादरींच्या घड्या रचून ठेवलेल्या, आठ पेट्या रिकाम्या. आठवीवर चादर तशीच होती, सकाळी होती तशीच, आणि मधोमध उंचावलेली.

साध्वी झाडू टेकवून आली. तिला आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. "आलात? मी म्हटलं साडेचारला दार लावून रात्रभर इथंच बसावं लागतंय की काय. दिवसभर आठ आठ जणांनाच घेतलं."

"ती चादर..."

"काढायला गेले होते. जड आहे."

कोप पेटीजवळ गेला. माणसाला नको तिथं डोकं चालवायची खोड असते. त्यानं विचार केला, आत उशी असेल. कुणीतरी कपडे ठेवले असतील. सॅटिन फुगलं असेल. एवढे विचार तो करत होता आणि तेवढ्यात चादरीखालून, दबक्या आवाजात, कुणीतरी रागावून कुरकुरलं. शब्द कळले नाहीत. पण ती कुरकुर तो झोपेतही ओळखला असता. भात करपला, पंखा तसाच चालू ठेवलास, चप्पल आडवी टाकलीस, त्या सगळ्याची ती कुरकुर.

मागे, मंडपाच्या दाराशी, कुंग चपला काढत होती.

"साध्वीबाई," कोप म्हणाला, आणि त्यानं दाराकडे बोट केलं.

"तुम्ही बाजूला व्हा," साध्वी म्हणाली. "आणि कसलाच आवाज काढू नका. तुमचासुद्धा."

कुंग आली. एकदा कोपकडे बघून हसली, पण आता त्या हसण्याला तोंड सोडून बाकी काही नव्हतं. पेटीच्या कडेवरून पाय आत टाकला, डोकं पूर्वेला केलं, चादर उचलून खाली सरकली. जिथं आधीच कुणी होतं तिथं ती मावली कशी ते कोपनं पाहिलं नाही. त्यानं मान फिरवली होती. लाकूड कुरकुरलं. कुणीतरी कूस बदलत होतं, अवघडून, जागा नसल्यासारखं, बराच वेळ.

म्हातारे भिक्खू मंत्र म्हणू लागले. दारात सगळ्या मावश्या हात जोडून उभ्या होत्या, आणि एकीलाही खोकला आला नाही.

७

चादर बाजूला झाली आणि कुंग उठून बसली. केस विसकटलेले, तोंड लालबुंद. तिनं गुडघे चोळले, पेटीची कड धरली, बाहेर आली आणि समोर उभ्या नवऱ्याला बघून म्हणाली,

"मेल्या, तिथं मला एकटीला ठेवून जेवायला गेलास?"

कोप रडला. भर मंडपात, पोट हलवत, लहान पोरासारखा. मावश्या धावल्या. लमाईनं स्वतःची नळी त्याच्या नाकात खुपसली. "बघा तरी, म्हातारा बेडूक ओला झाला," ती म्हणाली, आणि तिचाही आवाज फुटला.

"रडतोस काय? मला भूक लागलीय. आणि हा तुई बघ, बस उन्हात उभी केलीय, सीट तापली असणार. तुम्हा दोघांना मिळून एक डोकं नाही." ती बडबडत बसमध्ये चढली, सावलीच्या बाजूला बसली आणि पडदा ओढला. कोप शेजारी बसला. त्यानं तिचा हात धरला. तिनं सोडवून घेतला, "घाम बघ किती हाताला," म्हणाली. त्याला ते मंत्रासारखं वाटलं.

तुईनं बस सुरू केली. कोपनं पडद्याच्या फटीतून शेवटचं मंडपाकडे बघितलं.

साध्वी आठव्या पेटीशी उभी होती. तिनं चादर काढून घेतली नव्हती, आणि ती अजूनही मधोमध उंचावलेली होती. झोपलेल्या माणसाला गार लागू नये म्हणून आपण खोचतो ना, तशी ती कडेकडेनं खोचत होती. मग थांबली. वाकून तिनं कान चादरीजवळ नेला, आणि कुणाचं तरी ऐकून घ्यावं तशी हळूहळू मान हलवली. एकदा. दोनदा.

मग तिनं सरळ होऊन बसकडे बघितलं आणि हात वर केला. निरोप द्यायला की थांबा म्हणायला, ते एवढ्या लांबून कळत नव्हतं.

"काय बघतोस?" कुंगनं विचारलं.

"काही नाही," कोप म्हणाला. "तुई, चल. जोरात चल."